बुधवारची वेणी

“केस विंचरलेले, कपडे स्वच्छ. गेल्या महिन्यापेक्षा पुष्कळ बरी दिसते,” मॅडम म्हणाल्या.

मला नाही म्हणाल्या. वर्ध्याच्या दवाखान्यात त्यांच्या शेजारी एक शिकाऊ ताई बसायची, तिला सांगत होत्या. आपला माईक बंद आहे असं त्यांना वाटलं असावं. फोनच्या पडद्यावर त्यांचं तोंड बाजूला वळलेलं होतं, पण आवाज आमच्या आष्टीच्या घरात, मधल्या खोलीत, अगदी स्पष्ट येत होता. मी ऐकलं नाही असा चेहरा केला. तो चेहरा मला चांगला जमतो.

फोनच्या मागे, कॅमेऱ्यात येणार नाही अशा बेतानं, आई जमिनीवर वाटाणे सोलत बसली होती. तिनंही ऐकलं. तिचे हात थांबले. माझ्याकडे बघून तिनं भुवया उंचावल्या, आणि मग दोन बोटांनी स्वतःच्या ओठांचे कोपरे वर ओढून दाखवले. हस, म्हणजे.

मी हसले.

“हं, तर कसा गेला आठवडा?” मॅडम परत माझ्याकडे वळल्या.

“चांगला.”

केस आईनं विंचरले होते.

मी तेव्हा बारावीत होते. दिवाळीच्या सुट्टीनंतर कॉलेजात जाणं बंद झालं. बंद केलं असं म्हणणं जास्त होईल. एक दिवस गेले नाही, मग दुसऱ्या दिवशी गेले नाही, आणि पुढे पुढे कोणता दिवस आहे हे आई कॅलेंडरवर दुधाची खूण करायची तेव्हा कळायचं. दात घासायला जायचे, ब्रशवर पेस्ट घ्यायचे आणि तो तसाच हातात धरून उभी राहायचे. मग धुऊन ठेवून द्यायचे. पुस्तक उघडलं की अक्षरं दिसायची, वाचलीही जायची, पण पान संपलं की काहीच शिल्लक नसायचं.

सगळे विचारायचे, कायचं दुःख आहे तुले? दुःख नव्हतं. असतं तर सांगता आलं असतं. दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात, त्यानंतर आपल्याच गालाला हात लावला तर तो दुसऱ्या कोणाचा तरी वाटतो. तसं होतं सगळं. घर, जेवण, आईचा आवाज, आरशातलं तोंड. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे मनाबद्दलचे पाच-पंचवीस शब्द मला इंग्रजीत येत होते, निबंधापुरते. घरात वऱ्हाडी. दोन्हीकडे शोधून काही सापडलं नसतं असं नाही, पण शोधायला उठावं लागतं.

गावातल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, लोहाचं औषध दिलं. तीन आठवड्यांनी तेच म्हणाले की वर्ध्याला दाखवून आणा. वर्ध्याच्या डॉक्टरांनी माझ्याशी बोलून एक लहानशी गोळी लिहून दिली आणि समुपदेशन करणाऱ्या मॅडमकडे पाठवलं. जगायचा कंटाळा येतो का, असंही त्यांनी विचारलं होतं. मी म्हणाले, मरायचं असं काही नाही, पण उद्या उठले नाही तरी चालेल असं वाटतं. ते त्यांनी लिहून घेतलं. आष्टीहून दर आठवड्याला येणं जमणार नव्हतं, म्हणून ठरलं असं की तीन बुधवार दुपारी चार वाजता मॅडम फोनवर भेटतील, व्हिडिओवर, आणि महिन्यातून एका सोमवारी मी वर्ध्याला जायचं. दोन्ही मिळून चालवू, असं मॅडम म्हणाल्या. निघताना डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं, “काही दिवस तिला एकटीला सोडू नका.”

आईनं ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. ती माझ्याशेजारी झोपायला लागली. मी न्हाणीघरात गेले की बाहेरून विचारायची, साबण आहे का? पाणी गरम आहे का? टॉवेल नेला का? आणि बुधवारी चार वाजताही ती मला एकटीला सोडत नसे.

पहिल्याच बुधवारी मॅडमनी विचारलं होतं, “खोलीत तू एकटीच आहेस ना?”

आईनं फोनच्या मागून मान हलवली. हो म्हण.

“हो,” मी म्हणाले.

आईला फसवायचं नव्हतं. तिला वाटलं, ही एकटी नाही असं सांगितलं तर मॅडम रागावतील, आणि एकटीला सोडलं तर डॉक्टर. तिनं दोघांचंही मन राखलं. आणि मला, आई तू बाहेर जा, एवढं म्हणायलाही जेवढा जोर लागतो तेवढा नव्हता.

आमच्या घरात व्हिडिओ कॉलची एक पद्धत ठरून गेली होती. लॉकडाऊनमध्ये माझ्या आतेबहिणीचं स्थळ आमच्याच घरून, फोनवर दाखवलं गेलं. तेव्हा आईनं आणि आत्यानं दोन दिवस खपून मधल्या खोलीत एक जागा शोधून काढली होती, जिथून उजेड तोंडावर येतो, भिंतीची ओल दिसत नाही आणि मागे शोकेस दिसतो. खुर्ची नेमकी कोणत्या फरशीवर ठेवायची हे आईला पाठ होतं. स्थळ जमलं. तेव्हापासून फोनवर कोणी तोंड बघणार म्हटलं की खुर्ची त्याच फरशीवर जायची.

समोरचं दुकान भांड्यांचं आहे, घर त्याच्या मागे. बाबा भांड्यांवर नाव टाकून देतात. नाव कोरायची ती मशीन चालू झाली की दातांच्या दवाखान्यासारखा आवाज येतो. बुधवारी चार ते पावणेपाच मशीन बंद ठेवायची, असं आईनं त्यांना सांगून ठेवलं होतं. दुकानातल्या नव्या कुकरचं खोकं टेबलावर ठेवून त्याला फोन टेकवायचा. दुकानाकडच्या दाराला दिवाळीचा पडदा.

तीन वाजता ती मला उठवायची. आंघोळ, धुतलेला कुर्ता, ओढणी. मग खाली बसवून तेल. “मॅडम एवढ्या शिकलेल्या आहेत, त्याईच्या समोर अशी भुतासारखी बसशीन का?” आठवडाभर केसांना हात लागलेला नसायचा. टोकाकडून सोडवत ती वर जायची. ओढलं जाऊ नये म्हणून मुळाशी मूठ धरून ठेवायची. एकेका गाठीला पाच-पाच मिनिटं. चिडायची नाही. मला ते आवडायचं की नाही हे आजही सांगता येत नाही. डोकं हलायचं, एवढं कळायचं. मग घट्ट वेणी, पावडर, बारीक टिकली, आणि हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवून एकदा बघणं.

आता मी वर्ध्यात शिकते, बोरगाव मेघेत एक खोली घेऊन राहते आणि केस खांद्यापर्यंत कापून घेतले आहेत. त्यात बंड वगैरे काही नाही. विंचरायला सोपे पडतात.

शेजारच्या काकू एका बुधवारी वाटीभर साखर मागायला आल्या आणि मी नटून बसलेली पाहून दारातच थांबल्या.

“काय व, हे कायची तयारी?”

“क्लास आहे तिचा. इंग्लिशचा. फोनवर,” आई म्हणाली.

“पावडर लावून? मास्तर तरणा आहे का काय?”

“मॅडम आहेत व.”

“आन् आता अजून कायचं इंग्लिश? इंग्लिशातच तं शिकली नं ते लहानपणापासून.” काकूंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “मायी पोट्टी बी बसव नं हिच्या बाजूले. तिले येस-नो च्या पुढे काही येत नाई.”

“जागा भरल्या म्हणते मॅडम,” आई म्हणाली. इतक्या सहज की मी तिच्याकडे बघतच राहिले. आईला खोटं बोलता येतं हे मला त्या काळात कळलं. ते माझ्यासाठी होतं हेही कळत होतं, पण कळून पुढे काही होत नव्हतं.

मॅडमनी फोनवर एक तक्ता पाठवला होता. रोज संध्याकाळी, आज कसं वाटलं, याला शून्य ते दहापैकी एक आकडा द्यायचा. पहिल्या दिवशी मी तीन लिहिला. आईनं खांद्यावरून वाकून पाहिलं.

“दहापैकी तीन? नापास?”

“परीक्षा नाही ती.”

“तरी. त्याईले वाईट वाटन नं. एवढं शिकवून राह्यल्या तुले आन् तीन?” ती थोडा वेळ विचार करत राहिली. “सहा लिही.”

मी सहा लिहिला. आईनं पोळ्या करायला घेतल्या. पुढे मी विचार करायचं सोडून दिलं. सहा, सहा, मग एका आठवड्यानं सात, कारण एकच आकडा सारखा लिहिला तर शंका येईल असं मलाच वाटलं. शाळेत भूगोलाच्या प्रयोगवहीत पावसाचे आकडे आम्ही असेच भरायचो.

फोनवरचा तो पाऊण तास चांगला जायचा. खरंच चांगला. झोप लागते का? हो. जेवतेस का? हो. काही वाचलंस? थोडं. आईकडे नजर गेली की ती मान हलवून उत्तर द्यायची आणि मी ते उच्चारायचे. फोनवर गप्प बसता येत नाही. तीन-चार सेकंद बोललं नाही की समोरचं माणूस म्हणतं, “हॅलो? आवाज येतोय का माझा?” गप्प माणूस म्हणजे नेटवर्क गेलेलं माणूस. मग आई घाईघाईनं फोन उचलून खिडकीजवळ धरायची, आणि मॅडमना आमच्या छताचा पंखा दिसायचा.

वर्ध्याला तसं नव्हतं.

वर्ध्याच्या त्या खोलीला दार होतं आणि दाराबाहेर बाकडं. नातेवाइकांनी बाकड्यावर बसायचं. आईनं पहिल्यांदा आत यायचा प्रयत्न केला, तेव्हा मॅडमनी हसून सांगितलं की इथे मी आहे ना तिच्यासोबत, एकटी नाहीये ती. आईला हे पटलं. दार बंद झालं.

आत दोन वेताच्या खुर्च्या, कोपऱ्यात शिकाऊ ताईची एक, भिंतीला सरकवलेलं टेबल, पाण्याचा जग. खिडकीतून ऑटोंची रांग दिसायची. पहिल्या वेळी मी जवळजवळ काहीच बोलले नाही. मॅडमनी दोन-तीन प्रश्न विचारले आणि मग त्याही गप्प बसल्या. आवाज येतोय का असं विचारायची गरज नव्हती. मी समोर होते. माझे पाय, चपलेतला अंगठा, नखांच्या कडेची सोललेली कातडी, हे सगळं त्यांना दिसत होतं. पडद्यावर मी फक्त खांद्यापर्यंत असायचे.

दुसऱ्या सोमवारी, बरीच मिनिटं तशीच गेल्यावर, मी त्यांना ब्रशचं सांगितलं. पेस्ट घेते आणि मग तसाच उभा धरून ठेवते.

“मग त्या ब्रशचं काय करतेस?”

“धुऊन ठेवते.”

“म्हणजे दात नाही घासत, पण ब्रश घासतेस.”

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या हसू आवरत होत्या, पण नीट आवरलं जात नव्हतं. माझ्या ओठांचा कोपरा आपोआप जरासा हलला. हसू नव्हतं ते. पण काहीतरी होतं, आणि बसमध्ये परत येताना आर्वीपर्यंत मी त्याच गोष्टीचा विचार करत होते, की ते काय होतं.

तिसऱ्या सोमवारी मी फोनबद्दल सांगायला गेले होते. बुधवारी आई समोर असते, आकडे आम्ही दोघी मिळून भरतो, वेणी माझी नाही. “फोनवर जे,” एवढं म्हणाले आणि दाराखालच्या फटीतून मला आईच्या चपला दिसल्या. बाकड्यावरून उठून ती दाराशी येऊन उभी होती. ऐकायला नसेल. पाय मोकळे करायला असेल. मी म्हणाले, “फोनवर जे तुम्ही सांगितलं ते करते मी.” मॅडमनी मान हलवली आणि लिहिलं.

म्हणजे एका बाजूला मी होते, जी महिन्यातून एकदा अर्धं वाक्य बोलत होती. दुसऱ्या बाजूला बुधवारची मुलगी, तेल लावलेली, सातवरून आठवर आलेली. दोघींची फाइल एकच होती.

चौथ्या सोमवारच्या आधीच्या आठवड्यात, सकाळी चहा घेताना बाबा आईला म्हणाले, “मॅडमच म्हणल्या नं, पुष्कळ बरी दिसते म्हणून?”

“हो. मी या कानानं ऐकलं.”

“मंग झालं तं. गोळी चालू ठेवू, बुधवारचं फोनवर चालू दे. ते वर्ध्याचं बंद करून टाकू. पूर्ण दिवस जाते तिकडे. जाण्यायेण्याचा खर्च येगळा. आन् बसमंधी जो भेटते तो इचारते, कायले चालले, कायले चालले.”

आई बशीतला चहा ओठाशी धरून थांबली. “तुम्ही पाहा,” ती म्हणाली.

मी तिथेच होते, पलंगावर भिंतीकडे तोंड करून. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी ‘चालेल’ म्हणाले असते, कारण त्या दिवसांत सगळंच चालत होतं. पण त्या सकाळी काहीतरी टोचलं. फार नाही. चपलेत खडा असावा एवढं. पडल्या पडल्या मला नीट दिसलं की पुढे काय होईल. वर्धा बंद झालं की फक्त बुधवारची मुलगी उरेल. ती नऊवर जाईल, मग दहावर. मॅडम फोनवरच शाबास म्हणतील आणि फाइल बंद करतील. आणि मी इथेच असेन, या भिंतीकडे तोंड करून, आणि कोणाला माहीतही नसेल.

“या सोमवारी जाऊन येऊ शेवटचं,” बाबा कप ठेवून म्हणाले. “समोर बसून सांगतो मॅडमले. असं फोनवर सांगणं बरं नाई दिसत.”

दोन दिवसांनी मावशीचं ऑपरेशन ठरलं आणि आईला तिच्याकडे जावं लागलं. जाताना तिनं बाबांना दहा सूचना दिल्या. गोळीची वेळ, एकटीला सोडू नका, न्हाणीची कडी आतून लावू देऊ नका. बाबांनी दुकान आणि मधल्या खोलीमधला पडदाच काढून टाकला. मशीनवर नाव टाकता टाकता ते मान वळवून बघायचे, मी आहे का. मी असायचे.

केसांची सूचना आई विसरली होती.

सोमवारी सकाळी सातच्या बसनं आम्ही निघालो. मी होते ते केस रबरात गोळा केले. कुर्ता शनिवारचाच होता. बाबा डबा घेऊन दारात उभे होते. “झालं का?” “हो.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना काहीच वेगळं दिसलं नाही. रोज मी अशीच तर असायचे.

बसमध्ये त्यांनी मला खिडकी दिली. आर्वीला गावातलेच एक ओळखीचे चढले आणि आमच्या मागच्या सीटवर बसले.

“काय भाऊ, कायले चालले वर्ध्याले?”

“हिच्या कॉलेजचं पाहाले,” बाबा मान न वळवता म्हणाले. “पुढच्या वर्षाचं.”

“आतापासूनच? हुशार आहे पोरगी.”

“हो नं,” बाबा म्हणाले, आणि मग बराच वेळ त्यांचा कान लाल होता. दुकानात ते गिऱ्हाइकाशी खोटं बोलत नाहीत, निदान माझ्यासमोर तरी नाही. माझ्यामुळे घरातली दोन्ही माणसं खोटं बोलायला शिकली होती. याचं वाईट वाटायला हवं होतं. मी कपाशीची शेतं मागे जाताना बघत राहिले.

दवाखान्यात बाबा बाकड्यावर बसले नाहीत. “मले दोन मिनटं बोलायचं आहे मॅडमशी,” म्हणाले आणि माझ्यासोबत आत आले. मॅडमनी शिकाऊ ताईला बाहेर पाठवून तिची खुर्ची त्यांना दिली. मग त्यांची नजर माझ्याकडे आली. रबरातून सुटलेले केस, कुर्ता, चेहरा. त्यांनी फाइल उघडली, पण लिहिलं नाही.

“या आठवड्यात काही झालं का?” त्यांनी मला हळू विचारलं.

“नाही.”

“तिची आई नाई नं घरी,” बाबा मधेच म्हणाले. माझी बाजू सावरायला म्हणाले. “बहिणीच्या ऑपरेशनले गेली. म्हणून असा अवतार आहे. नाईतं बुधवारी कशी, तीन वाजतापासून तयार करते तिची आई तिले. आंघोळ करवते, तेल, वेणी, पावडर. तुम्ही पाह्यता म्हणून.” त्यांच्या आवाजात थोडा अभिमानही होता. “हिच्यानं कुठं होते ते?”

मॅडमचं पेन कागदावर टेकलेलं तसंच राहिलं. मग त्यांनी फाइलची मागची पानं चाळली, एक, दोन, तीन, आणि त्यांचा चेहरा उतरलेला मी पहिल्यांदा पाहिला.

“वेणी आई घालतात,” त्या म्हणाल्या.

“हो. बाकी आता बरी आहे ते. तुम्हीच म्हणले. आकडे बी चांगले येऊन राह्यले तिचे.” बाबा खुर्चीत जरा पुढे सरकले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, लग्नाच्या बैठकीत ठेवतात तसे. “तं मी म्हणत होतो मॅडम, आता फोनवरच केलं तं? इथं यायचं बंद करू. लय लांब पडते. फोनवर ते चांगली बोलते.”

मॅडम त्यांना काही म्हणाल्या नाहीत. त्या माझ्याकडे वळल्या. “तुला काय वाटतं?”

मी चपलेतल्या अंगठ्याकडे पाहिलं. बाहेर कोणीतरी ऑटो सुरू करायचा प्रयत्न करत होतं, तो सुरू होत नव्हता. मला ‘चालेल’ म्हणायचं होतं. तो शब्द तोंडात तयारच होता, तो म्हणायला काहीच लागत नाही. तो म्हटला की बाबा उठतील, आम्ही स्टँडवर जाऊ, डबा खाऊ, तीनची बस मिळेल.

आणि नाही म्हटलं तर का ते सांगावं लागेल. मग आईचं नाव येईल. एकेका गाठीला पाच-पाच मिनिटं देणारी आई, तिथे मावशीच्या उशाशी बसलेली, आणि इथे तिच्या पाठीमागे मी तिची तक्रार करणार. आईनं काही वाईट केलं नव्हतं. हे बाबांना कसं सांगायचं ते मला येत नव्हतं. अजूनही नीट येत नाही.

“सांग नं बेटा,” बाबा म्हणाले. “फोनवर जमते नं तुले?”

मी चपलेच्या पट्ट्यात अंगठा आत-बाहेर केला.

“जमते तिले,” बाबा मॅडमना म्हणाले. “ते लाजाळू आहे जराशी, समोर बोल...”

मॅडमनी हात थोडासा वर केला. बाबा थांबले. मग कोणीच बोललं नाही. बाबांना ती शांतता सहन होत नव्हती, ते एकदा माझ्याकडे बघत, एकदा पाण्याच्या जगाकडे. पण ते बोलले नाहीत, आणि मॅडमही बोलल्या नाहीत, आणि मी अजून गप्प होते तरी कोणी मला उचलून खिडकीशी नेलं नाही. मी बाबांच्या हाताकडे पाहिलं. मशीन धरून धरून अंगठ्याला घट्टा पडलेला.

माझा आवाज घशातून आला तेव्हा तो मलाच ओळखू आला नाही, इतके दिवस मी तो वापरला नव्हता.

“बाबा, फोनवर आई समोर बसलेली असते. तिथं मी खोटं सांगते,” मी म्हणाले. “मले इथं येऊ द्या.”